शेपटी दातांत असलेला फोटो

युलिझार आमच्या तानाह दातार भागातला लग्नाचा फोटोवाला. नवरा-नवरीला इतका वेळ उभं ठेवायचा, की फोटोत दोघंही आधीच संसाराला कंटाळलेली दिसत. हलणारं काही त्याला सोसत नसे.

आणि काढायचा होता फोटो बैलांच्या शर्यतीचा. त्याचा मेहुणा झुलहेंद्री त्या शनिवारी शेवटचं धावून शर्यत सोडणार होता. चिखलाच्या शेतात, जोडीमागच्या लाकडांवर उभं राहून, शेपटी चावून बैल पळवणारा गडी. वरची कवळी बसवली तरी चावणं सुटलं नव्हतं. त्याला एकच हवं होतं: शेपटी दातांत असलेला फोटो, भिंतीवर लावायला.

आधीच्या शर्यतींत युलिझारने दोनदा माती केली होती. एकदा कॅमेऱ्याने फोकस धरला उडत्या चिखलावर; शिंतोडे लख्ख, झुलहेंद्री धुरकट. मग जोडी सुटल्यापासून बटण दाबूनच धरलं. चावायची वेळ आली, तेव्हा कॅमेरा आधीचे फोटो साठवत बसलेला.

"चिखल देखणा आलाय हो," त्याची बायको देसनेली म्हणाली. "दादाच्या भिंतीवर चिखलच लावू."

युलिझार आठवडाभर राबला. हलत्याच्या मागे जाणारा फोकस लावला आणि कोंबड्या, मोटारसायकली, पळती देसनेली, सगळ्यांच्या तोंडावर फोकसचा चौकोन धरायला शिकला. बोट आवरणं त्याहून अवघड. मी गवंडी होतो. हात बसायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. त्याचा बसला.

शनिवारी जोडी थेट त्याच्याच अंगावर आली.

"अरे, सरक!" मी ओरडलो. बाकीचे पळाले. तो हलला नाही. चौकोन झुलहेंद्रीच्या तोंडावर. झुलहेंद्री वाकला, तोंड उघडलं, तेव्हा कुठे युलिझारने बटण दाबलं. क्षणभरच. मग कॅमेरा वर धरून चिखलात आडवा.

झुलहेंद्री तोंडावर हात धरून परत आला.

"दादा, आला फोटो!" युलिझार म्हणाला.

"कवळी गेली," तो म्हणाला.

आम्ही कॅमेऱ्यावर वाकलो. पहिल्या फोटोत शेपटी दातांत, मिशीचा केसही स्पष्ट. दुसऱ्यात कवळी शेपटीलाच. तिसऱ्यात ती हवेत, केळीच्या बांधाकडे निघालेली.

"डावीकडे शोधा!" देसनेली हसत सुटली.

अर्धं गाव चिखलात हात घालून बसलं. सापडली.

"आधी धू," देसनेली म्हणाली.

पहिला फोटो झुलहेंद्रीच्या भिंतीवर आहे. तिसरा कॉफीच्या टपरीत लागलाय. तिथे झुलहेंद्री अजून त्या फोटोकडे पाठ करून बसतो.