पाच नंबरची डिस्क

बुलढाण्यातल्या एका खाजगी दवाखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळायचो. सीटी स्कॅनचे सगळे फोटो बारा डिस्कच्या एका स्टोरेजमध्ये साठायचे. ते लावलंही मीच होतं. एक डिस्क बंद पडली तरी बाकीच्यांवर काम चालायचं; दुसरी गेली की सगळं बंद. जागा जास्त मिळावी म्हणून मी एकही डिस्क राखीव ठेवली नव्हती.

त्या सकाळी स्क्रीनवर आलं, पाच नंबरची डिस्क बंद. मी नवी डिस्क घेऊन गेलो. कप्प्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या मीच चिकटवलेल्या, एकपासून. पाच नंबरचा कप्पा ओढला आणि स्क्रीनवरची सगळ्या डिस्कची नावं लाल झाली. यंत्र शून्यापासून मोजत होतं; त्याची पाच नंबरची डिस्क म्हणजे माझा सहावा कप्पा. मी चांगली डिस्क उपसली होती.

ती घाईने परत बसवली, पण यंत्र तिला ओळखेना. स्कॅन काढणाऱ्या ताई दारात आल्या.

"भाऊ, जानेफळचा पेशंट टेबलावर हाये. जुना फोटो काऊन उघडून नाही राह्यला?"

"दोन मिनिटं, ताई."

बॅकअप उघडला. शेवटची प्रत आठ महिन्यांपूर्वीची. बॅकअपची जागा भरली होती आणि तशा सूचना नोकरी सोडून गेलेल्या एकाच्या ईमेलवर जात होत्या. तो पत्ता बदलायचं काम माझंच होतं. स्टोरेज बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "आता कशालाही हात लावू नका. एक बटण चुकलं तर सगळं पुसलं जाईल."

तेवढ्यात डॉक्टर आले. लाईटचा प्रॉब्लेम आहे, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ताई माझ्याकडे बघत होत्या.

"खरं सांगून टाका, भाऊ."

"सर, मी चुकीची डिस्क काढली. आठ महिन्यांपासून बॅकअपही नाही."

डॉक्टरांनी लाल झालेल्या स्क्रीनकडे पाहिलं. "परत येईल?"

"माहीत नाही, सर."

त्यांनी पेशंटला स्कॅनसाठी अकोल्याला पाठवलं.

दुपारपर्यंत इंजिनिअर फोनवरून एकेक पायरी सांगत गेला. प्रत्येक बटणाआधी मी त्याला दोनदा विचारत होतो. शेवटी यंत्राने ती डिस्क स्वीकारली. मग खरी बंद पडलेली काढून नवी बसवली, तर तिच्यात माहिती भरता भरता तिसऱ्याच डिस्कवर चुका निघाल्या. बहुतेक फोटो वाचले. मागच्या काही महिन्यांतले थोडे मात्र उघडलेच नाहीत, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या पेशंटांची यादी घेऊन ताई आणि मी फोन करत बसलो. गरज असेल तर स्कॅन परत काढून देतो, फुकट, असं सांगायचं होतं. मोताळ्याच्या एका बाईंच्या नंबरवर त्यांच्या नवऱ्याने फोन उचलला. मी पाठ केल्यासारखं सगळं बोललो.

"ते तं गेली, साहेब," तो म्हणाला. "दिवाळीच्या आधीच."

तो पलीकडून "हॅलो, हॅलो" करत राहिला. ताईंनी माझ्या हातातून फोन घेतला, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि हळू आवाजात विचारलं, "दादा, घरी आता कोण कोण हाये?"