रानात आखलेली आगबोट

दौलू गेल्याचं मला कोरेगावच्या बाजारात, वांगी निवडताना कळलं. वांगी तशीच टोपलीत टाकली आणि गावाकडे निघालो. खोटं कशाला सांगू, रडू आलं नाही. फार दमल्यासारखं झालं... गेली दोन वर्षं त्याच्याबरोबर मीही एक ओझं वाहत होतो, आता ते एकट्याच्या डोक्यावर आलं.

दौलू पहिल्या लढाईत आगबोटीने गेला आणि आगबोटीनेच परत आला. त्या काळी नुसती बोट पाहायला मुंबईच्या धक्क्यावर जत्रा लोटायची. आमच्या गावात तर समुद्र पाहिलेला माणूस नव्हता. "केवढी असते रं?" असं जो तो विचारायचा, आणि दौलूने सांगितलं की "थापा मारतोस" म्हणून हसायचा. यात मीही होतोच. शेवटी पठ्ठ्याने ज्वारी काढलेल्या रानात चुन्याच्या फक्कीने बोटच आखली. बाभळीपासून थेट विहिरीपर्यंत! सपाट रानात मजले कसे दाखवणार? म्हणून बांधाच्या अलीकडे वरचा मजला, पलीकडे तळ. सारा गाव बोटीत चढायला धावला. पाटील साहेबाच्या खोलीत ऐटीत बसले, न्हावी कप्तान झाला. तळात, भट्टीपाशी उभं राहायला मात्र कुणी तयार होईना. तेव्हा दौलू स्वतः तिथे जाऊन उभा राहिला. "आमी शिपाई हितं निजायचो," म्हणाला. लोक वरच्या मजल्यावरच दंग होते.

या दुसऱ्या लढाईत त्याचा एकुलता एक शंकर भरती झाला आणि बोटीवर चढला. त्याची आई, आमच्या सखूवहिनी, दौलूला एकच विचारत राहिल्या, "पोरगं निजतंय कुठं?" दौलूने पुन्हा बोट आखली आणि बांधाच्या अलीकडे एक धोंडा ठेवला. "हितं, खिडकीपाशी. आताच्या बोटीत शिपायास्नी वरच ठेवत्यात." परतताना माझा दंड धरून म्हणाला, "मास्तर, तळातच घालत्यात अजून. तिला कळू देऊ नगा." मी मान डोलावली. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय बिघडतंय, असं वाटलं.

मग सरकारी कागद आला. तो मीच वाचला. बोट बुडाली, शंकर बेपत्ता. वहिनींनी कपाळ बडवलं नाही. "वर निजत हुता न्हवं? मग उडी टाकली आसंल. इहिरीत कसा सूर मारायचा त्यो!" दौलूने माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं. त्या दिवसापासून शंकरच्या नावाची भाकरी रोज झाकून ठेवली जाऊ लागली. दौलू त्या झाकल्या भाकरीकडे बघत दोन घास गिळायचा. अनेकदा म्हणायचा, "मास्तर, आज सांगतो तिला." पण त्याने सांगितलं नाही, मीही नाही... दोन्ही वर्षी नांगर त्या धोंड्याला वळसा घालून गेला.

दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी मी रानात गेलो. वहिनी धोंड्यापाशी बसल्या होत्या. लाज वाटत होती, तरी सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय, भावजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "लढाईवनं आलं तवा ह्ये सोता तळात हुबं ऱ्हायलं न्हवतं का? सारा गाव वर बघत हुता. मी त्येंच्याकडंच बघत हुते."

"मग वाट कुणाची बघत होता, वहिनी?"

"कुणाची न्हाई. मी भाकरी झाकायची, म्हून त्ये दोन घास खायचं. मी आशा सोडली आसती, तर त्येंनी त्याच दिशी अंथरूण धरलं आसतं."

मी बांधापलीकडे, तळाच्या जागेकडे पाहिलं. विचारलं, "धोंडा पलीकडे नेऊन ठेवू का?"

"नगं," त्या म्हणाल्या. "त्येंनी ठेवलाय तितंच ऱ्हाऊ द्या. तळात लय उकडतं."