अडीअडचणीची हवा

कुणी काही मागितलं आणि आमच्या ह्यांनी नाही म्हटलं, असं लग्न झाल्यापासून मी ऐकलेलं नव्हतं. भिंगारच्या आमच्या स्वयंपाकघरात गॅसचं भरलेलं दुसरं सिलिंडर असतं ते नावालाच. शेजारी बारसं निघालं की ते तिकडे. परत येतं ते रिकामं, आणि आमचं चालू सिलिंडर नेमकं पाहुणे पानावर बसले की संपतं. मग हे म्हणतात, "अगं, कर ना काहीतरी." मी करते. आता त्याचाही कंटाळा आलाय.

मुलं बाहेरगावी गेली आणि ह्यांना पाण्याखाली जायचं खूळ लागलं. मालवणला जाऊन आम्ही दोघं रीतसर स्कुबा शिकलो. नगरकडची पन्नाशीतली माणसं पाठीवर टाकी बांधून समुद्रात उतरतात म्हणून नातेवाईक पोट धरून हसले. हसू देत. मला खाली बरं वाटतं. तिथे कुणी चहा मागत नाही.

मागच्या खेपेला हे एका कासवाच्या मागे असे गेले की टाकीत हवा किती उरली ते दाखवणाऱ्या गेजकडे बघायचंच विसरले. परत आले ते गळ्यावरून आडवा हात फिरवत. हवा संपली, अशी ती खूण. माझ्या टाकीला तोंडात धरायची एक जास्तीची नळी असते, ती मी ह्यांना दिली आणि एका टाकीवर आम्ही दोघं वर आलो. माझ्या गेजचा काटा लाल पट्ट्याकडे सरकत होता आणि मी त्याच्याकडेच बघत होते. होडीत चढल्यावर हे म्हणतात कसे, "कासव बघितलंस का?" असा संताप आला म्हणून सांगू!

तेव्हाच ठरवलं, ह्यांना अडीअडचणीची वेगळी हवा घ्यायची. घरी येऊन महिनाभर आमचा तोच विषय. ह्यांना हवी होती थर्मासएवढी, हातात मावणारी बाटली. मला हवी होती मोठ्या टाकीच्या बाजूला बांधायची छोटी टाकी, स्वतःची नळी आणि स्वतःचं गेज असलेली. शेवटी शिकवणाऱ्या सरांना फोन लावला.

"थर्मासवाली थोड्याच श्वासांची," सर म्हणाले. "जितकं खोल जाल तितकी एकेका श्वासाला हवा जास्त जाते. आणि वर यायचं ते सावकाश, मध्ये थांबत. तेवढं तिच्यात निभत नाही."

"पण ती दुसरी जड आहे," हे मला म्हणाले. "लोक म्हणतील, काय लटकवून चाललाय."

"आणि बुडालात तर लोक काय म्हणतील?"

छोटी टाकी आली. पुण्याहून भरून आणली आणि स्वयंपाकघरात दाराआड, गॅसच्या सिलिंडरशेजारी ठेवली. तिथंच घात झाला.

पुढच्या खेपेची बॅग भरताना मी गेज बघितलं तर काटा तळाला. ह्यांना विचारलं, तर हे पेपरमधून डोकं वर काढेनात. आमच्या नगरकडच्या बेलापूरचे धाकटे चुलत दीर येऊन घेऊन गेले होते म्हणे. विहिरीत मोटारीचा पाइप गाळात अडकला होता. "भावाला नाही कसं म्हणायचं?"

मी तिथल्या तिथे दिरांना फोन लावला.

"वहिनी, लई भारी हाय की बाटली! खाली बसूनच पाइप मोकळा केला."

"अहो भाऊजी, ती हवा घेऊन श्वास रोखून वर आला असतात तर फुप्फुसं फाटली असती! कळतंय का काही?"

"न्हाई वो, काय हुतंय!"

मी फोन ठेवला. हे म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? तू असतेसच की माझ्याजवळ."

"आणि माझी हवा संपली तर?"

"तर मी..." म्हणाले आणि थांबले. बहुतेक कासव आठवलं असावं.

मला भांडायचंसुद्धा त्राण नव्हतं. म्हटलं, "मी येत नाही. दमले मी. घरातलं दुसरं सिलिंडर मी, आणि पाण्यातलंही मीच." अर्धी भरलेली बॅग तशीच पलंगावर पडून राहिली. जेवताना आम्ही भाजीला मीठ आहे की नाही, एवढंच बोललो.

दोन-तीन दिवसांनी हे काही न सांगता पुण्याला जाऊन टाकी भरून आले. दाराआड ठेवली नाही. माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवली. मी बघितलं आणि कपाट लावून घेतलं.

आणि मग एका सकाळी बेलापूरहून फोन आला. मी पोळ्या करत होते. दिरांचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. शेजारच्या विहिरीत कुणाची तरी पाण्याची मोटार पडली होती, एक दिवसापुरती बाटली हवी होती. हे नेहमीसारखं "हो, हो" करत ऐकत राहिले. मी लाटणं जोरात आपटलं. आता काय होणार ते मला पाठ होतं.

"नाही रे," हे म्हणाले. आवाज चिरकला, म्हणून खाकरून पुन्हा म्हणाले, "नाही मिळायची. ती तुझ्या वहिनीची आहे."

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. मला ती उलटायचं सुचेना.