तीन मुखे, तीन आकडे

सीमेपलीकडील आमच्या राज्यात लॉटरी बंद होऊन पुष्कळ वर्षे लोटली. आमच्या गावी मात्र ती दरवर्षी दत्तजयंतीच्या आठवडाभर आधी मंदिराच्या सभामंडपात निघते. समिती तिला सोडत म्हणते, गाव लॉटरीच म्हणते. बक्षीस एकच: गाणगापुराहून संगमाचे पाणी भरून आणलेला तांब्याचा कलश वेशीपासून मंदिरापर्यंत डोक्यावरून आणण्याचा मान. मान मागणारे दीडशेच्या घरात आणि कलश एक, म्हणून ही व्यवस्था.

पूर्वी नावांच्या चिठ्ठ्या घागरीत टाकत. पुढे पुजाऱ्यांच्या बोटांना ओळखीच्या घड्या बरोबर सापडतात अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा समितीने ठरवले की चिठ्ठीवर नाव नको, आकडे असावेत, आणि तेही माणसाने न देता संगणकाने, क्रम न ठेवता वाटेल तसे द्यावेत. संस्कृत पाठशाळेतून निवृत्त झालेला मी, या कामी विश्वासू समजला गेलो आणि हुमनाबादच्या संगणक केंद्रात जाऊन बसलो. तेथील मुलीने आदराने विचारले, "गुरुजी, सहा आकडी नंबर घालू का?"

"नको. श्रीदत्तप्रभूंची मुखे तीन. आकडेही तीनच असावेत."

"तीनमदी डबल येतील की, गुरुजी."

मी तिला शांतपणे समजावले. शून्य-शून्य-शून्यापासून नऊशे नव्व्याण्णवपर्यंत हजार संख्या होतात, माणसे दीडशे. हजार खोल्यांच्या धर्मशाळेत दीडशे यात्रेकरू उतरले, तर एकाने दुसऱ्याच्या खोलीत शिरण्याचे कारण काय? ती "बरं" म्हणाली. वडीलधाऱ्यांना ज्या स्वरात बरं म्हणतात, त्या स्वरात. गावी परतून चिठ्ठ्या वाटतानाही मी सर्वांना हेच सांगितले.

प्रत्येक चिठ्ठीचे दोन भाग होते. एक भक्ताकडे राहिला, दुसरा घागरीत गेला. सोडतीच्या सकाळी पुजाऱ्यांनी घागरीत हात घालून एक भाग काढला आणि मी तो मोठ्याने वाचला: "सहा, शून्य, चार."

"माझा! माझा हाय!" असे म्हणत भाकरीवाल्या अक्का उठल्या. या अक्का ज्वारीच्या कडक भाकरी करून हुमनाबादच्या खानावळींना पुरवतात. नऊ वर्षे त्या सोडतीत भाग घेत होत्या आणि नऊ वर्षे प्रसाद घेऊन मुकाट घरी जात होत्या. हे त्यांचे शेवटचे वर्ष होते. दत्तजयंती झाली की मुलगी त्यांना कायमचे सोलापूरला नेणार होती. त्यामुळे सभामंडपातील सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपण्यापूर्वीच मागच्या खांबाजवळून सिमेंटच्या दुकानाचे मालक असलेले अण्णा म्हणाले, "माझा बी तोच हाय."

दोन्ही चिठ्ठ्या मी चष्म्याजवळ नेऊन पाहिल्या. दोन्हींवर सहाशे चार. घागर उपडी करून सगळे अर्धे भाग तपासले, तर सहाशे चारचे दोन निघालेच, शिवाय आणखी नऊ आकड्यांच्या अशाच जोड्या निघाल्या.

समितीचे सचिव तालुका कचेरीतून निवृत्त झालेले. कचेरी त्यांच्यातून अजून निवृत्त झालेली नाही. ते म्हणाले, "एक न्हाई, दहा जोड्या! मशीन बिघडलंय, न्हाईतर कुणीतरी हात मारलाय. सोडत रद्द. परत सगळ्यांची काढायची."

अक्कांचा चेहरा उतरला. नऊ वर्षांत जे हाती आले नव्हते ते पुन्हा दीडशे जणांत टाकायचे, याचा अर्थ त्यांना माझ्याआधी समजला. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, तुम्हीच म्हणला होताव की हजारात डबल येत न्हाई म्हणून. मग हे काय झालं?"

मी पुजाऱ्यांकडून पंचांगाची कोरी मागची बाजू आणि पेन्सिल घेतली. छंदांतील लघुगुरूंच्या सगळ्या शक्य मांडण्या, म्हणजे प्रस्तार, चाळीस वर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाला एवढी चूक शोभणारी नव्हती. मी माणसे मोजली होती, जोड्या मोजल्या नव्हत्या. पहिल्या भक्ताची जोडी उरलेल्या एकशे एकोणपन्नास जणांशी होते, दुसऱ्याची एकशे अठ्ठेचाळीस जणांशी, आणि असेच पुढे. बेरीज झाली अकरा हजार एकशे पंचाहत्तर. प्रत्येक जोडीचे आकडे जुळण्याचा संभव हजारात एक. म्हणजे अकराएक जोड्या जुळायलाच हव्या होत्या. दहाच जुळल्या हे संगणकाचे सौजन्य. धर्मशाळेच्या खोल्या हजार होत्या खऱ्या, पण यात्रेकरू वाटप न पाहता, डोळे मिटून शिरत होते.

हे मी उभे राहून सांगितले. प्रारंभीच म्हणालो, "दोष यंत्राचा नाही, कोणा माणसाचा हातही नाही. दोष माझा आहे." सभामंडपात असा आनंद पसरला की तो कीर्तनातही क्वचित दिसतो. गुरुजी चुकले, हे ऐकायला बाहेर चपला सांभाळणारेही आत आले. गणित मात्र कोणाला पटले नाही.

"कागदावर काय बी होतंय," सचिव म्हणाले. "डोळ्याला दाखवा."

मला तेव्हा जे सुचले ते मी प्रभूंचीच प्रेरणा मानतो. म्हणालो, "इथल्या वीस जणांनी आपापल्या मोबाइल क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे सांगावेत. असे आकडे शंभर प्रकारचे. माणसे वीसच. त्यांत जोडी निघाली नाही, तर सोडत रद्द."

अक्कांनी डोळे मिटले. न जुळण्याचाही थोडा संभव होता, हे माझ्याखेरीज कोणास ठाऊक नव्हते. मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केले.

पहिल्या सात-आठ जणांचे आकडे वेगवेगळे आले. नववे गृहस्थ अडले. "मला माझाच नंबर कामून पाठ ऱ्हाईल? मी मला फोन करायलोय काय?" शेजाऱ्याने त्यांच्या फोनवरून स्वतःला रिंग देऊन नंबर काढला. दहावे म्हणाले, "माझ्याकडं दोन सिम हायती, कुठलं सांगू?" सचिव ओरडले, "एक माणूस, एक सिम!" अकरावा, बारावा. माझ्या नामस्मरणाची गती वाढली. तेरावे स्वतः सचिव होते. ते ऐटीत म्हणाले, "अडतीस."

"अडतीस तर माझं हाय की वो," चहाची किटली हातात धरलेला चहावाला म्हणाला. तो चौथा होता.

सगळ्या माना सचिवांकडे वळल्या. मग अण्णांनी विचारले, "काय सचिवसाहेब, तुम्ही अन् चहावाल्यानं मिळून किती हात मारलाव?"

हशा ओसरल्यावर सोडत कायम झाली. तरीही एक गोष्ट मी प्रामाणिकपणे सांगितली: जोड्या असणे हे गणित होते, पण दीडशेतून नेमकी जोडीतलीच चिठ्ठी हाती लागणे तसे विरळाच, ते मी प्रभूंकडे सोपवतो. अक्का लगेच म्हणाल्या, "देवाला तीन तोंडं हायती. दोन माणसं त्याला काय जड हायती?"

अण्णांचाही नवस होता. ते मान सोडीनात. तेव्हा रस्ताच वाटून दिला. वेशीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत अक्का, तेथून मंदिरापर्यंत अण्णा. सचिवांनी टेप लावून गिरणी मध्यावर असल्याची खात्रीही केली. कलश आणणाऱ्यांनी वेशीपासून अभिषेक होईपर्यंत मौन पाळायचे असा आमच्याकडे नेम आहे, तो दोघांनाही लागू झाला.

दत्तजयंतीला अक्का नवे लुगडे नेसून वेशीत आल्या. मी पुढे मंत्र म्हणत चाललो, मागे त्या, आणि त्यांच्या बाजूला अण्णा. गिरणी आली. अण्णा पुढे होऊन दोन्ही हात पसरून उभे राहिले. अक्का नजर समोर ठेवून त्यांच्या शेजारून निघून गेल्या. अण्णांनी गिरणीकडे बोट दाखवले, कपाळाला हात लावला, धावत माझ्यापुढे येऊन हातवारे केले. मला मंत्र मध्येच तोडता येत नव्हता. खरे सांगायचे तर तेथे एक विराम होता, तो मी घेतला नाही.

मंदिराचा उंबरठा उंच आहे. तेथे अक्का थांबल्या. डोक्यावर भरला कलश घेऊन त्यांना पाय उचलता येईना. अण्णांनी क्षणभर पाहिले, मग कलश अलगद उतरवून घेतला, उंबरठा ओलांडला आणि मागे वळून त्यांना हात दिला. गाभाऱ्यापाशी दोघांनी मिळून पुजाऱ्यांच्या हाती कलश दिला. पादुकांवर पाणी पडले आणि मौन सुटले.

"अक्का," अण्णा तत्क्षणी म्हणाले, "गिरणी कवाच मागं ऱ्हायली की!"

"मला ठाव हाय," अक्का पदराने घाम पुसत म्हणाल्या. "मग बोलला कामून न्हाईस?"