विकायला नसलेली गादी

गाद्यांच्या दुकानात त्याला सगळे ‘मधला’ म्हणत. गिऱ्हाईक कितीही चिकट असो, मधल्या किमतीची गादी त्याच्या गळ्यात मारण्यात याचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरी करामत मांडणीची होती. मधलीच्या शेजारी, दिव्याखाली, तिप्पट किमतीची एक गादी मांडलेली असे. ती विकायला नव्हतीच. तिची किंमत वाचून माणूस दचके आणि मग मधली त्याला स्वस्त वाटू लागे. आतला फोम दोन्हींत एकच, वरचं कापड तेवढं वेगळं.

एका दुपारी एक बाई आली. तिचे वडील पाठीच्या ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळले होते. तिनं महागडीवर हात ठेवला.

“हीच द्या.”

असं आजवर कधी घडलं नव्हतं.

“ताई, मधलीही तितकीच चांगली आहे.”

“मग हिची किंमत एवढी का?”

“तरी एकदा मधलीवर पडून बघा ना.”

तिचा चेहरा ताठरला. “माझ्या चपला बघून बोलताय का? मला परवडणार नाही असं वाटतंय?”

तो जितका अडवू लागला, तितकी ती हट्टाला पेटली. काचेच्या केबिनमधून मालकानं मान डोलावली: देऊन टाक. बाईनं पाकीट काढलं.

मधल्याला ‘हो’ म्हणवेना. तो वाकला, महागडीच्या खोळीची चेन सरकन ओढली, मग मधलीची. दोन्हींतून तोच पिवळा फोम डोकावला.

बाई बघतच राहिली. मग हलकेच म्हणाली, “मधलीची किंमत तरी खरी आहे का?”

मालक आता केबिनच्या दारात उभा होता.

“नाही,” मधला म्हणाला. “ती कोपऱ्यातली साधी न्या. तिच्यातही हेच आहे.”

ती साधी घेऊन गेली. मालकानं आवाज चढवला नाही. “उद्यापासून गोदामात,” एवढंच म्हणाला.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. “त्या बाईला वाचवलंस, बरं केलंस,” ती म्हणाली. “पण आजवर ज्यांनी मधली नेली, त्यांचं काय?”

वर्षभर त्यानं गोदामात गाद्या उचलल्या. मधलीचा खप घसरला, तेव्हा मालकानं गोदामात येऊन त्याला परत दुकानात बोलावलं. जास्त पगार देऊ केला.

“कंबर मोडते इथं,” तो म्हणाला, “पण मी इथंच बरा आहे.”