रिकामी बंगई
कापराच्या तेलाचा वास आला की बोरगाव मेघेतलं ते बंद घर आठवतं. माझ्या एका अशिलाच्या घटस्फोटाच्या दाव्यात तिच्या नवऱ्याला ते विकायचं होतं. तो कॅनडात, म्हणून मी तिची वकील या नात्याने त्याला व्हिडिओ कॉलवर खोल्या दाखवत होते. माझी अशील दारातच थांबली होती. आत कापराच्या तेलाचा ताजा वास होता आणि बैठकीतली लाकडी बंगई सावकाश झुलत होती. “हे तेल सासूबाई गुडघ्याले लावत होत्या,” ती पुटपुटली. त्यांना जाऊन वर्ष झालं होतं. मी रिकाम्या बंगईकडे फोन वळवला, तर पलीकडे तो रडायलाच लागला. “आई, तू बसजो, उठू नको. नाई विकत मी घर.” आता माझ्या घरी बंगईवरून उठले की मी साखळी धरून ती थांबवते, मगच पाठ फिरवते.