टोमॅटोसारखा काढून टाकलेला फंड

हे मी लिहिणारच नव्हते. नंदाकाकूच्या कानावर गेलं तर ती माझ्याशी बोलायची नाही. पण राहवत नाही, म्हणून लिहितेय.

नारायणगावच्या मार्केटात एका व्यापाऱ्याच्या शेडमध्ये नंदाकाकू टोमॅटो निवडते. शेजारी तिची धाकटी जाऊ, वृषाली. दोघी पालथ्या क्रेटवर बसणार, एकाच थर्मासमधला चहा पिणार. आज भाव काय निघेल, हे बाकीच्या बायका काकूलाच विचारणार.

मग वृषालीनं मोबाईलवरून एक फंड घेतला. विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांना, सोलरला जे लिथियम, तांबं, कोबाल्ट लागतं, ते खाणीतून काढणाऱ्या कंपन्यांचा. आता बायका हात थांबवून तिचं ऐकायला लागल्या. काकूच्या पोटात दुखायला लागलं.

"लिथियम दिसतं कसं गं?" काकूनं खवचटपणे विचारलं.

"मला काय म्हाईत ताई, मी कुठं खाणीत गेले व्हते?"

सगळ्या हसल्या. तेवढ्यावरच काकू पेटली. घरी गेल्या गेल्या लेकीला, संस्कृतीला बसवलं आणि तोच फंड घेतला, तोही वृषालीपेक्षा जास्तीचा. कुणाला सांगितलं मात्र नाही.

आता काकूचा जन्म गेला टोमॅटोत. भाव पडायला लागला की माल धरून ठेवायचा नाही, नाहीतर त्याला पाणी सुटतं आणि रस्त्यावर ओतावा लागतो. फंड जरा खाली आला आणि काकूचा जीव वरखाली व्हायला लागला.

"संस्कृती, काढून टाक."

"आई, ते काय सडतंय का? राहू दे की."

"पडता माल घरात ठेवत न्हाईत. काढ म्हणते ना."

काढला. तोटा झाला तो झाला, पण वृषालीचा अजून अडकलाय याचंच काकूला लई समाधान. रोज सकाळी देवाच्या आधी मोबाईल. फंड पडला की चहा गोड लागायचा.

एक दिवस लईच पडला. काकू मुद्दाम लवकर गेली, वृषालीचं उतरलेलं तोंड बघायला. तर ती आपली गुणगुणत टोमॅटो निवडतेय.

"फंड पडला म्हणं तुझा."

"पडला का? मी बघतच न्हाई ताई. आमच्या पोरीच्या, श्रेयाच्या शिक्षणाला लागंल तवा बघीन. तुमी कशाला बघता?"

काकूला पैशाचं काहीच वाटत नव्हतं आता. आपण सकाळ सकाळ तळमळतो आणि ही बया खुशाल विसरून बसते, हेच तिला सोसेना. त्या दिवसापासून काकू शेडच्या दुसऱ्या टोकाला बसते. चहा टपरीवरचा.

वृषाली अजून आपल्या शेजारी काकूचं क्रेट झटकून पालथं घालते. परवा संस्कृतीला म्हणाली, "तुझी आई रुसली का गं माझ्यावर? माझं काय चुकलं ते तरी सांग." द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की वृषाली पॅकहाऊसला द्राक्षं भरायच्या कामाला जाणार, मग ते क्रेटही कुणीतरी उचलून नेईल.

तुमचंही असं कुणी असेल ना, ज्याचं बरं चाललेलं बघवलं नाही म्हणून तुम्ही लांब जाऊन बसलात? तर याच आठवड्यात जाऊन भेटा. काही कबूल करू नका हवं तर, नुसता चहा प्या. आणि काकू, हे वाचत असशील तर तू आधी जा.